तुपाचा हक्क वेगळा, तुपाचा हिशेब वेगळा

गेले काही महिने कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन फॉरवर्ड आलटून पालटून फिरताना आम्ही पाहत आहोत. पहिला सांगतो की देशी गाईचे साजूक तूप रोज खाल्ले तर हृदयातले ब्लॉकेज विरघळतात, आणि हे सत्य औषध कंपन्यांनी दडपून ठेवले आहे. दुसरा त्याला उत्तर म्हणून येतो: तूप हे भटांचे अन्न, आपल्या बापजाद्यांनी चान्या आणि चरबी खाल्ली, त्यांना कधी अटॅक आला का? पहिला कुठून निघतो हे वाचकांना सांगायला नको. दुसरा आपल्याच पोरांनी लिहिलेला असतो, म्हणून त्याची जास्त चिंता वाटते.

या दोन्ही फॉरवर्डना हृदयाशी काही घेणेदेणे नाही. एकाला गाय सिद्ध करायची आहे, दुसऱ्याला गाय नाकारायची आहे. आणि वस्तीतला पंचेचाळिशीतला माणूस, ज्याच्या पोटाचा घेर वाढला आहे, ज्याचे बीपी कधी तपासलेच गेलेले नाही, तो दोन्ही वाचतो आणि आपल्याला सोयीचे तेवढे उचलतो. म्हणून हा लेख. तूप खाण्याचा हक्क हा एक प्रश्न आहे, तूप खाल्ल्याने शरीरात काय होते हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांच्या भांड्यात ओतली की दोन्ही नासतात.

हक्काचा मुद्दा आधी घेऊ, कारण तिथे तडजोड नाही.

मराठीत म्हण आहे, 'खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी'. ज्यांनी ही म्हण रचली त्यांच्यापुढे निदान दोन पर्याय होते. गावकुसाबाहेर या म्हणीचा फक्त उत्तरार्ध पोचला. 'साजूक तुपातली माणसं' असे आजही आपण कोणाला म्हणतो ते आठवा, म्हणजे तूप ही पंगतीतली पायरी होती हे कळेल.

त्या पायरीचा पुरावा बाबासाहेबांनीच नोंदवून ठेवला आहे. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची घटना येते. साल १९३६, एप्रिलचा सुमार. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य गृहस्थाने गावातल्या आपल्या माणसांना जेवण दिले. पाहुण्यांचा मान राखावा म्हणून तूप वाढले. पंगत बसलेली असताना शेकडो हिंदू लाठ्या घेऊन आले, अन्नाची नासाडी केली, जेवणाऱ्यांना झोडपून काढले. लोक भरली पाने टाकून जीव घेऊन पळाले. गुन्हा काय? यजमानाने तूप वाढण्याची हिंमत केली आणि पाहुण्यांनी ते चाखले. बाबासाहेबांचा तिथला मुद्दा नीट वाचावा. तूप ही श्रीमंताची चैन आहे हे कोणालाही समजेल, पण तूप खाणे हे उच्च दर्जाचे चिन्ह आहे असे कोणाला वाटेल, असे ते विचारतात. चकवाऱ्याच्या हिंदूंना तसे वाटले. खिशात पैसे आहेत, तूप विकत घेतले आहे, तरी ते आपल्या पानात पडता कामा नये. गरिबीचे कारण तिथे लागू पडत नाही. तिथे जातच बोलते.

तेव्हा ज्या घराने तीन पिढ्यांनी पहिल्यांदा बाळंतिणीला तूप दिले, बारशाच्या शिऱ्यात तूप घातले, त्या घराला 'तुम्ही ब्राह्मणी झालात' म्हणून हिणवणाऱ्या आपल्या क्रांतिकारकांनी थोडे थांबावे. चकवाऱ्याला लाठ्या ज्यासाठी बसल्या तेच हे तूप आहे.

शिवाय तूप ही कोणाच्या बापाची मिरास नाही. विनयपिटकात आजारी भिक्खूंसाठी पाच भैषज्ये सांगितली आहेत: तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ-काकवीचा प्रकार. सात दिवसांपर्यंत ती जवळ ठेवता येतात, त्यापुढे साठवायची नाहीत. एकीकडे यज्ञाच्या आगीत ओतले जाणारे तूप आणि दुसरीकडे आजारी माणसाला बेतानेच दिले जाणारे तूप, हा फरक समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुष्कळ काही सांगतो.

पण इथेच सावध व्हायला हवे. विनयात औषध म्हणून आले आहे, म्हणून तूप हृदयाला चांगले, असे आपण म्हणू लागलो तर चरकाचा हवाला देणाऱ्यांपेक्षा आपण वेगळे कसे? परंपरेने सांगितले, ग्रंथात लिहिले, गुरू म्हणाले एवढ्यावरून काही मानू नका, हे कालामांना सांगणारा शास्ता आपला आहे. ती कसोटी फक्त समोरच्यासाठी राखून ठेवता येत नाही.

आता हृदयाकडे येऊ.

तूप म्हणजे जवळजवळ शंभर टक्के मेद. त्यातला साठ टक्क्यांहून जास्त मेद संपृक्त, म्हणजे थंडीत गोठून राहणारा. असा मेद जास्त खाल्ला की रक्तातले एलडीएल वाढते. एलडीएल म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण. ते वर्षानुवर्षे जास्त राहिले की हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या भिंतीत जमा होत जातात. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, वाहिनी बंद होते. यालाच आपण अटॅक म्हणतो. हा कोणा कंपनीचा कट नाही. ज्यांना जन्मतःच एलडीएल फार जास्त असते त्यांना ऐन तारुण्यात अटॅक येतात, आणि एलडीएल कमी केले की अटॅक कमी होतात, हे वेगवेगळ्या मार्गांनी पुन्हा पुन्हा तपासले गेले आहे. संपृक्त मेद कमी करण्याच्या पंधरा चाचण्या एकत्र करून पाहिल्या, त्यांत पन्नास हजारांहून जास्त माणसे होती. किमान दोन वर्षे संपृक्त मेद कमी ठेवणाऱ्यांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांचे झटके सुमारे १७ टक्क्यांनी कमी आढळले. एकूण मृत्यूंवर मात्र फारसा फरक दिसला नाही, हेही त्याच परीक्षणात आहे आणि ते लपवायचे कारण नाही. फायदाही तेव्हा दिसतो, जेव्हा त्या मेदाच्या जागी वनस्पतींचे तेल येते. तूप सोडून बिस्किटे आणि साखर वाढवली तर काय मिळणार?

प्रमाण सांगतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून जास्त संपृक्त मेदातून येऊ नयेत. दोन हजार कॅलरी खाणाऱ्यासाठी हे साधारण २२ ग्रॅम होतात. तुपाच्या एका मोठ्या चमच्यात आठ-नऊ ग्रॅम. म्हणजे अडीच चमचे तुपात दिवसाचा कोटा संपला, आणि अजून दूध, फरसाण, मटण, कढईतले तेल मोजलेलेच नाही. वरण-भातावरच्या लहान चमच्याने निरोगी माणूस मरत नाही, आणि पुरणपोळीवर तूप घेतल्याबद्दल आम्ही कोणाच्या घरात पंचनामा करायला जाणार नाही. पण 'औषध' म्हणून सकाळी उपाशीपोटी दोन मोठे चमचे पिणारी माणसे आमच्या कामात भेटतात. त्यातल्या काहींनी स्टेंट बसवल्यावर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यासाठी बंद केल्या आहेत. हा प्रकार जीवघेणा आहे.

'ए-टू' तुपाचा धंदा दोन वाक्यांत निकालात काढता येतो. ए-वन, ए-टू हा फरक दुधातल्या एका प्रथिनाचा आहे, आणि तुपात प्रथिन जवळजवळ उरतच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पाकिटांवरचे हे दावे काढायला सांगितले आणि आठवड्याच्या आत तो आदेश मागे घेतला. का घेतला ते ज्याने त्याने समजून घ्यावे. सप्टेंबर अखेरीस महाराष्ट्र सरकारने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले. २०१५ पासून बैल-वळूचे मांसही बंद, म्हणजे गरिबाचे स्वस्त प्रथिन कायद्याने गेले, आणि त्याच जनावराच्या नावाचे तूप दीड-दोन हजार रुपये किलोने 'हृदयरक्षक' म्हणून विकायला आले.

तूपवाले सुशिक्षित असतील तर ते ग्रंथ सोडून संशोधन दाखवतात. त्याला उत्तर द्यायला हवे, कारण आपले अनेक तरुण इथे गप्प होतात. दोन अभ्यास नेहमी पुढे केले जातात.

एक १९६७ सालचा, डॉ. मल्होत्रांचा. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंची नोंद पाहून त्यांनी लिहिले की पंजाबकडचे लोक दूधतुपाचा मेद कितीतरी पट जास्त खातात, तरी दक्षिणेत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण पंजाबच्या सातपट आहे. दुसरा १९९७ सालचा, राजस्थानातल्या ग्रामीण पुरुषांचा. महिन्याला एक किलोहून जास्त तूप खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार कमी आढळला.

हे आकडे खोटे नाहीत. प्रश्न त्यांच्या अर्थाचा आहे, आणि इथे समाजशास्त्राचा उपयोग होतो. राजस्थानच्या खेड्यात महिन्याला किलोभर तूप कोण खाऊ शकतो? ज्याच्या दारात म्हशी आहेत तो. म्हशी कोणाच्या दारात असतात? ज्याच्याकडे चारा पिकवायला जमीन आहे, त्याच्या. म्हणजे तुपाचा तो किलो मोजताना आपण नकळत जमीन मोजतो, घर मोजतो, पोटभर जेवण मोजतो, दुखले तर जयपूरला जायची ऐपत मोजतो. चकवाराही जयपूरकडचेच गाव. तिथे कोणाच्या पानात तूप पडले की मार बसत होता हे आपण वर पाहिलेच. दुसरे असे, की हा एकाच वेळी केलेला पाहणी-अभ्यास होता. ज्याला छातीत दुखू लागले त्याला डॉक्टर पहिल्यांदा काय सांगतो? तूप बंद कर. मग पाहणीच्या दिवशी तो 'तूप कमी खाणारा आणि हृदयरोगी' म्हणून नोंदला जातो. तूप कमी केल्याने रोग झाला की रोग झाल्याने तूप कमी केले, हे अशा पाहणीतून कळतच नाही. रेल्वेच्या अभ्यासात तर दोन प्रदेशांची तुलना आहे. पंजाब आणि मद्रास यांच्यात काय फक्त तुपाचाच फरक होता? अंगमेहनत, तंबाखू, बाकीचा आहार, मृत्यूचे कारण लिहिण्याची पद्धत, सगळेच वेगळे.

२०१७ साली अठरा देशांतल्या सव्वा लाखाहून जास्त लोकांचा 'प्युअर' अभ्यास आला तेव्हाही हाच गोंधळ झाला. जास्त मेद खाणारे कमी मेले, जास्त पीठ-भात खाणारे जास्त मेले, असे त्यात दिसले आणि 'तूप निर्दोष सुटले' असे मथळे झाले. अरे, जगात जेवणाचा तीन चतुर्थांश भाग भात-भाकरीच खाणारा माणूस कोण असतो? ज्याला दुसरे काही परवडत नाही तो. त्याला भाताने मारले की गरिबीने, हा प्रश्न विचारल्याशिवाय असे आकडे वाचू नयेत.

आता आपल्या घरातल्या फॉरवर्डकडे.

शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकाने महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद पहिल्यांदा ठसठशीतपणे केली. ते पुस्तक प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. त्यातून एक गोष्ट लख्ख कळते: त्या स्वयंपाकात दूध, तूप तर सोडाच, तेलसुद्धा क्वचित होते. आता 'पारंपरिक स्निग्ध पदार्थ' म्हणून तूप मिरवणाऱ्यांना विचारा, परंपरा कोणाची? मराठवाड्यात ज्याला जमले त्याच्या घरी करडईचे तेल होते, विदर्भात जवसाचे. योगायोग बघा, ही दोन्ही तेले संपृक्त मेदाच्या बाबतीत तुपापेक्षा फार हलकी आहेत.

पण याचा अर्थ आपले सगळे जुने अन्न औषध होते असा काढू नका. जनावराची चरबीही जवळपास निम्मी संपृक्तच असते, आणि तिला जात कळत नाही. आणि आज्याला अटॅक आला नाही म्हणता, पण स्वातंत्र्याच्या वेळी या देशात सरासरी आयुष्यमान सुमारे ३२ वर्षे होते. पोरे हगवणीने गेली, बाया बाळंतपणात गेल्या, पुरुष क्षयाने गेले. जो साठीपर्यंत टिकला आणि एका पहाटे छातीत कळ येऊन गेला, त्याचा ईसीजी कोणी काढला होता? आज्याच्या पोटात काय पडत होते याबरोबर तो दिवसभर किती दगड फोडत होता हेही सांगा. नातू ऑफिसात बसतो, तरी आज्याच्या खुराकाचा दाखला देतो.

आमच्या मते खरे भांडण तुपापाशी नाहीच. आपल्या वस्त्यांतला संपृक्त मेद साजूक तुपातून येत नाही, तो पामतेलातून येतो. १९३० च्या दशकात डालडा आला तो तुपाची नक्कल म्हणून. ज्यांना तूप परवडत नव्हते त्यांच्या लग्नाच्या बुंदीत, दिवाळीच्या शंकरपाळ्यांत हे वनस्पती तूप गेले. तेल घट्ट करण्याच्या त्या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होतात. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगले घटवतात, म्हणजे तुपाहूनही वाईट. देशात त्यावर दोन टक्क्यांची मर्यादा यायला जानेवारी २०२२ उजाडावे लागले. पिढ्यानपिढ्या गरिबाला तुपाची नक्कल खाऊ घातली गेली, आणि त्यावर कोणत्याही आहारतज्ज्ञ बुवाने कीर्तन केले नाही.

त्याच २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर, एक लिटर पामतेल. पामतेलात चाळीस-पन्नास टक्के मेद संपृक्त. सरकारने त्याऐवजी शेंगदाणा किंवा करडईचे तेल दिले असते तर इथल्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही दोन पैसे मिळाले असते. शिधा घेणाऱ्याला आम्ही दोष देत नाही, सणाला कढई चढली पाहिजे. पण ही मागणी आपल्या एकाही निवेदनात का नसते? गाडीवरच्या वड्याचे तेल दिवसभर उकळून काळे होते, त्यावरही नियम २०१८ पासून आहेत. ते नियम गाडीपर्यंत पोचलेले आम्ही तरी पाहिले नाहीत.

आणि हृदय फक्त तेला-तुपावर चालत नाही. ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात पहिल्या अटॅकशी जोडलेले नऊ मोठे घटक निघाले: तंबाखू, रक्तातल्या मेदाचा बिघाड, बीपी, शुगर, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, दारू, हालचालीचा अभाव. दक्षिण आशियात पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो हेही त्यातच दिसले. ही यादी घेऊन कोणत्याही भीमनगरात फिरा. विदर्भात खर्रा, इतरत्र बिडी आणि मशेरी. सफाई कामगाराची आणि वॉचमनची रात्रपाळी. कंत्राट कधी सुटेल याचा घोर. बीपीच्या गोळ्या चाळीस रुपये वाचवायला दिवसाआड घेणारी मावशी. या सगळ्याला सोडून तूप या एकाच शब्दावर रात्रभर वाद घालणाऱ्या ग्रुपला आम्ही चळवळ म्हणायचे का?

सर्वात महत्त्वाचे शेवटी. भारतातल्या ५० शहरांतल्या ८९ केंद्रांमध्ये अटॅक आणि त्यासारखा त्रास घेऊन आलेल्या वीस हजारांहून जास्त रुग्णांची नोंद झाली, २००८ साली ती 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. तीस दिवसांत मरण पावलेले: श्रीमंतांमध्ये ५.५ टक्के, गरिबांमध्ये ८.२ टक्के. मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरला तेव्हा हे अंतर नाहीसे झाले. म्हणजे एकदा अटॅक आल्यावर गरीब जास्त मेला, कारण त्याला तीच औषधे, तीच अँजिओप्लास्टी मिळाली नाही. 'प्युअर'च्याच २०१४ च्या निष्कर्षात जगाच्या पातळीवर हेच दिसते: हृदयरोगाचे धोके श्रीमंत देशांत जास्त, पण झटके आणि मरणे गरीब देशांत जास्त.

ताटातला चमचा ज्याचा त्याने ठरवावा. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासलेले असेल आणि ठीक असेल तर सणावाराला, वरणावर खा. बिघडलेले असेल तर तूप आणि पामतेल दोन्ही आवरा, गोळ्या फॉरवर्ड वाचून बंद करू नका. तपासलेच नसेल तर आधी तपासा. विहारात महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर बीपीचे यंत्र घेऊन बसायला काही हजारांत काम होते, डीजेच्या एका तासाचे पैसे पुरतात.

बाकीचे काम ताटाबाहेरचे आहे. छातीत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, दरदरून घाम आला की पहिले काही तास मोलाचे असतात. १०८ ला फोन लावायचा, हे प्रत्येक घराला माहीत हवे. आणि रुग्णवाहिका जिथे नेऊन सोडते तिथे काय आहे? तरुणांनो, येत्या आठवड्यात आपापल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. ईसीजीचे यंत्र चालू आहे का आणि रात्री ते चालवणारा कोणी असतो का? गुठळी विरघळवणारे इंजेक्शन, स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेज, आज साठ्यात आहे का आणि मागच्या वर्षभरात किती रुग्णांना दिले? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी करणारे सर्वात जवळचे रुग्णालय कोणते आणि किती किलोमीटरवर? बीपीच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या वर्षात किती दिवस उपलब्ध नव्हत्या? अर्जाला दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. आलेली उत्तरे आम्हाला पाठवा. तालुक्याच्या नावासकट इथे छापू.

जय भीम.